पाच वर्षं पुरेल असा पाळणा

(दिवेआगर. दुपारची वेळ. भाऊ ओटीवर सुपारी सोलत बसलेत. शेजारच्या खुर्चीत त्यांची सून निवेदिता, आठवा महिना लागलेली, हातात मोबाइल.)

निवेदिता : …आणि हा बघा, भाऊ. शेवाळी रंगाचा. रंग विषारी नाही, बाळानं चावला तरी चालतो.

भाऊ : चावला तरी चालतो? पाळणा आहे की काकडी?

निवेदिता : दात येताना कठडा चावतात मुलं. तुमचे चिरंजीव काय काय चावायचे, ते आई सांगत असतात.

भाऊ : यशोधन माझी चप्पल चावायचा. काही झालं नाही त्याला. बरं, गजांमध्ये फट केवढी?

निवेदिता : तुमची मूठ जाणार नाही एवढी.

भाऊ : आणि ही बाजू खालीवर सरकते का? सरकणारी नको हो. खटका निसटला म्हणजे?

निवेदिता : बाजू पक्की आहे. गादी तेवढी खाली घ्यायची, बाळ उभं राहायला लागलं की.

भाऊ : स्क्रू लोखंडाचे असणार. आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकायचे नाहीत.

निवेदिता : स्टीलचे आहेत, विचारून घेतलं. आणि लाकूड भरीव आहे, भुसा दाबून केलेलं नाही. तेही विचारणारच होतात ना?

भाऊ : विचारणार होतो. पण कुरिअरवाला बोर्लीपर्यंतच येतो.

निवेदिता : यशोधन दिघीच्या कामावरून सुटला की टेम्पोत घालून आणेल. अजून काही?

भाऊ : रंग. डबक्यासारखा दिसतो.

निवेदिता : भाऊ, तुम्हाला घ्यायचाच नाहीये.

भाऊ : असं कोण म्हणालं? घेऊ की. बाळ आलं की दुसऱ्या दिवशी घेऊ. आधी घरात आणत नाहीत, एवढंच.

निवेदिता : गेल्या वेळी आणला होता, म्हणून?

भाऊ : अगो, तो विषय कशाला आता.

निवेदिता : काढू दे मला. दोन वर्षं झाली, या घरात कोणी तो काढत नाही. आईंनी हौसेनं पाळणा टांगला होता. मी दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आले, तर कडीसुद्धा रिकामी. तुम्ही आधीच उतरवून ठेवला होतात.

भाऊ : तुझ्या नजरेला पडू नये म्हणून.

निवेदिता : कळलं होतं मला. त्या दिवशी फार आधार वाटला होता त्याचा. पण या खेपेला तुम्ही सगळे पाऊल न वाजवता चालताय माझ्याभोवती. कोणी नाव सुचवत नाही. आईंनी शिवलेली झबली शेजारी नूतनकाकूंच्या कपाटात आहेत, तेही मला ठाऊक आहे. मला वाटायला लागलंय, हे बाळ येणार यावर तुमच्यापैकी कोणाचा विश्वासच नाही.

भाऊ : विश्वास आहे गो. भीती वाटते, दुसरं काही नाही. सुपारीचं रोप धरायला सहा-सात वर्षं लागतात, ते लावताना नाही वाटत, पण या बाबतीत हात कापतो माझा.

निवेदिता : मलाही वाटते. रोज वाटते. म्हणून तर हाच हवाय. साधा पाळणा सहा महिन्यांत लहान होतो. याची पुढची बाजू काढली की छोटा पलंग होतो, पाच वर्षांचं मूल झोपतं त्यात. गेल्या वेळी मी एकेक दिवस ढकलत होते, भाऊ. या वेळी येता-जाता मला पाच वर्षं पुरेल असं काहीतरी दिसायला हवंय.

भाऊ : …कुठे ठेवणार?

निवेदिता : आमच्या खोलीत, खिडकीखाली.

भाऊ : खिडकीखाली मुळीच नको. उभं राहायला लागलं की गजाला धरून चढेल. आतल्या भिंतीला लाव.

निवेदिता : बरं, आतल्या भिंतीला. मग मागवू?

भाऊ : मागव. तुझ्या सासूला मी सांगतो. बडबड करेल, पण संध्याकाळपर्यंत ती झबलीसुद्धा घेऊन येईल. आणि जोडायला यशोधनला बसवू नकोस, चार स्क्रू उरवेल तो. मी जोडतो.

निवेदिता : तुमचा हात कापतो म्हणालात ना?

भाऊ : कापू दे. सावकाश जोडेन. एक सांग, पलंग करताना ती पुढची बाजू काढायची म्हणालीस. तिचं काय करायचं?

निवेदिता : टाकायची माळ्यावर. का?

भाऊ : नीट गोणपाटात गुंडाळून ठेवू. धाकट्याला लागेल.