नरपड फाट्यावरची चाळीस मिनिटं

मी, विनोद बारक्या वरठा, वय बावीस, काम चिकूच्या वाडीत तोडणीची मजुरी, शिक्षण बी.ए. दुसऱ्या वर्षातून सोडलेलं, राहणार मोहपाडा, आशागडच्या पुढे, तालुका डहाणू, जिल्हा पालघर. आज बुधवार, नऊ तारीख, दुपारी साडेबारा वाजता बोलावणं नसताना ठाण्यात हजर झालो. लिहिता येतं म्हणून कागद मागून घेतला. हवालदार साहेब विचारतात, मी लिहितो.

समक्ष सांगतो की, सहा तारखेला, रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी नरपड फाट्यावर टेम्पो थांबवायला सांगितला. माझं जे काय बदललं ते त्या मिनिटाला बदललं. फिर्याद ज्या काचेची आहे, ती दुसऱ्या दिवशी फुटली.

त्या दिवशी आमच्या ग्रामपंचायतीचं मतदान होतं. सरपंचपदाला आमच्या पाड्यातून सुषमा लाहू धोडी उभ्या होत्या. त्यांना आम्ही वहिनी म्हणतो. आमच्या पाड्यातून आजवर कोणी उभंच राहिलं नव्हतं. त्यांचे नवरे लाहूदादा आणि पाड्यातले आणखी दहा जण झाईला बोटीवर खलाशी आहेत. त्यांना मतदानाला आणायचं काम माझ्याकडे होतं. माझं मत मी सकाळीच दिलं होतं. बोट उशिरा लागली. सव्वातीनला झाईहून निघालो. न थांबता आलो असतो तर पाचच्या सुमारास शाळेत पोचलो असतो. मतदान साडेपाचपर्यंत होतं.

टेम्पो का थांबवला असं विचारलं असता सांगतो की, एका मुलीला भेटायला. तिचं नाव दक्षा. कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी सोडलं, तिने सोडलं नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने ती सुरतला नर्सिंगला जाणार होती. तिचा मेसेज आला होता की दोन मिनिटं ये. आडनाव विचारलं, ते देत नाही. तिचा यात संबंध नाही.

लाहूदादा मागे बसले होते. ते म्हणाले, "जा, भेटून ये. हाय टाइम." दादांचा दोष आहे असं कोणी म्हणू नये. त्यांनी दोन मिनिटांची परवानगी दिली होती. मी चाळीस मिनिटं लावली.

दक्षा सायकल धरून उभी होती. तिने टेम्पोकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझी माणसं खोळंबलीत, विनोद. जा आता." हे ती तीनदा म्हणाली. मी गेलो नाही. बाकी काय बोलणं झालं असं विचारलं असता सांगतो की, त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही. तिने हिरवा ड्रेस घातला होता. हेही लिहायची गरज नव्हती.

शाळेवर पोचलो तेव्हा पाच एकोणचाळीस झाले होते. गेट बंद होतं. अकरा जणांनी आरडाओरडा केला, तो बंदोबस्तावरच्या पोलिसांनी पाहिला आहे. वहिनी गेटबाहेर उभ्या होत्या. उशीर का झाला विचारलं तर लाहूदादांनी सांगितलं, टायर बसला. मी काही बोललो नाही.

सोमवारी निकाल लागला. वहिनी सहा मतांनी पडल्या.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास निवडून आलेल्या पॅनेलची पिकअप स्पीकर लावून आमच्या पाड्यावरून गेली. माईकवर वहिनींचं नाव घेऊन बोलत होते. काय बोलत होते ते लिहीत नाही. माझं डोकं फिरलं. मी रस्त्याच्या कडेचा दगड उचलून मारला. समोरची काच फुटली. कोणाला लागलं नाही. मी करवंदीच्या जाळीआड होतो, म्हणून मला कोणी ओळखलं नसावं. फिर्यादीत बोटीवरच्या अकरा जणांची नावं आहेत, कारण गेटवर ते ओरडले होते. त्या वेळी ते अकराही जण पाड्यात नव्हते, मतमोजणीसाठी डहाणूला तहसील कचेरीत बसून होते. दगड मी एकट्याने मारला. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारचं विचारलं नाही, पण सांगतो. आमच्या पाड्यात रिवाज असा आहे की ज्या घरी मयत होतं त्या घरचं उभं भात पाडा कापतो, घरच्यांनी विळ्याला हात लावायचा नाही. प्रचारात वहिनींचं भात तसंच राहिलं होतं. सकाळी उठून बघतो तर शेतात तीसेक माणसं. सगळ्यांत पुढे आमच्याच पाड्यातले धोंडीकाका, जे महिनाभर समोरच्या पॅनेलसाठी फिरले. वहिनी धावत आल्या. म्हणाल्या, "मी काय मेले काय, काका?" धोंडीकाका म्हणाले, "पडलीस ना? आमच्या हिशोबात सारखंच. जा, भात शिजव." पाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बारकीआजीने मला हाताला धरून रांगेत उभं केलं. मला वाटत होतं, यांना नरपडचं माहीत नाही म्हणून उभं करतात. दिवसभर मान खाली घालून कापलं. दुपारी वहिनींनी मला दोनदा वाढलं. खिशात फोन चार वेळा वाजला. उचलला नाही. सुरतचा होता.

आज सकाळी आठला निरोप आला की अकरा जणांना ठाण्यात बोलावलं आहे. त्यांना उद्या बोटीवर जायचं आहे. गेले नाहीत तर बोटीचा प्रमुख, तांडेल, दुसरी माणसं घेईल आणि पुढचे सहा महिने घरी बसावं लागेल. सगळे वहिनींच्या घरी जमले. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. टायर बसला नव्हता, मी नरपडला थांबलो होतो. आणि दगडही मीच मारला.

बारकीआजी म्हणाली, "पोरा, अकरा जणांच्या पोटात एक गोष्ट ऱ्हाते का? आमाला रविवारीच कळलं." मी वहिनींकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "अकरा मतं तुझ्यामुळं गेली, खरं हाय. धोंडीकाकाच्या घरची सात कोणामुळं गेली? ते काल माझ्याच शेतात होते ना? बस खाली."

मी बसलो. रविवारपासून नीट बसलो नव्हतो.

दगडाचं आपण पाहून घेऊ असं मग ठरायला लागलं. बारकीआजी म्हणाली, सोमवारी तीनला हा माझ्या ओट्यावर झोपला होता. शेजारचा तुक्या म्हणाला, छे, माझ्यासोबत नदीवर मासे धरत होता. वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे चहा पीत होता. धोंडीकाका म्हणाले, "तिन्ही ठिकाणी होता असं सांगा. पोलिसांना वाटेल, एवढा फिरणारा माणूस दगड कधी मारणार." सगळे हसले. लाहूदादाही हसले. त्यांचं नाव फिर्यादीत पहिलं आहे.

ही माणसं माझ्यासाठी इथे येऊन खोटं बोलली असती. बारकीआजी आयुष्यात ठाण्याची पायरी चढलेली नाही. त्यांच्यावर कोणी रागावू नये, त्यांनी अजून काही केलेलं नाही. त्यांना तसं करायला लागू नये म्हणून मी आलो.

मुलीला फोन केला का असं विचारलं असता सांगतो की, नाही. काय सांगायचं ते ठरलं नाही.

सकाळी मी निघालो तेव्हा तुक्या विचारत होता, मासे कोणते धरले ते एक ठरवून घेऊ. बोय की मुऱ्या, यावरून भांडण लागलं. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. घर माणसांनी भरलं होतं, मला जागा करून दिली होती तिथे अजून ऊब असेल. मी चपला हातात घेतल्या, बाहेर आलो आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

वरचं सगळं हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षर माझं, म्हणणंही माझंच, बरोबर आहे. कोणी दटावलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही.

सही
विनोद बारक्या वरठा