दट्ट्या न लावता

अध्यक्षस्थानी बसलेले मोठे डॉक्टर, शेजारच्या पाहुण्या बाई, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या सिस्टर, आणि समोर बसलेले सगळे आईबाप, आज्या-आजोबा, नमस्कार. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात माईक दिलाय, आता ऐकून घ्या.

मी खाणावळ चालवते. माझ्या दारातून उपाशी कुणी गेलेलं नाही. अन् माझीच नात, दिवस भरायच्या आत आलेली, या भिंतीपलीकडे काचेच्या पेटीत आहे, आणि तिच्या तोंडात मला थेंब घालता येत नाही. चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, हे तिला एकदम जमत नाही. म्हणून नाकातून पोटात नळी.

लेक माझी वाटीत दूध काढते. वाटीचा तळ झाकला जात नाही, की रडते. सिस्टर आधी नळीतून मागे ओढून बघतात, पोटात मागचं उरलंय का. मग ढकलायचा दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला लावतात, दूध ओततात आणि हात उंच धरून उभ्या राहतात. दूध आपलं आपण उतरतं. मी म्हटलं, "अहो, ढकला की जरा! बाकीची पोरं खोळंबलीत." तर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही गिऱ्हाइकाच्या घशात पळीनं कोंबता का?"



दूध उतरताना सिस्टर बाळाला लेकीच्या उघड्या छातीशी ठेवायच्या, रिकाम्या स्तनाला लावायच्या. पोट नळीनं भरू दे, तोंडाला आईची ओळख राहू दे. एकदा जीभ हलली. आम्ही मायलेकी वेड्यासारख्या हसत सुटलो. दुसऱ्या दिवशी बाळाचं पोट फुगलं, नळीचं दूधच बंद केलं. लेकीचा डबा मांडीवर घेऊन मी बाहेर बाकावर बसून राहिले. करणार काय? आता पुन्हा थेंब थेंब सुरू झालंय. जीभ काही हललेली नाही.

काल सिस्टरना म्हटलं, "ती चोखायला लागेपर्यंत तरी थांबा."

"मावशी, निवृत्तीची तारीख माझ्या हातात असते का?"

"मग ती चोखेल का, एवढं सांगा."

माझा हात धरून उभ्या राहिल्या.

मघापासून सगळे म्हणतायत, सिस्टर, आता आराम करा, सुखानं राहा. मीही म्हणते. मनापासून नाही म्हणत, खोटं कशाला बोलू? आत त्यांच्या जागी नवी नर्स मुलगी आहे. चांगली आहे, पण सिरिंज उंच धरून तिचा हात लवकर भरून येतो. तिला तरी काय बोलायचं?

मला बोलायला बोलावलंत, उपकार झाले. काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. आणि टाळ्या वाजवू नका. भिंतीपलीकडे आत्ता नातीचं दूध उतरतंय. ती दचकली की सगळं वर येतं.