यशदीपचं कमिशन

तेलीबांध्याच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी बोलत होत्या.

“शांतादीदी, तुमी म्युच्युअल फंडात महिन्याचे पाचशे एजंटाकडूनच भरता ना?”

“आता नाही, चेतना. डायरेक्ट भरून राहिली. कमिशन वाचते.”

“अवो, पण एजंट तर आपल्या दादाचा यशदीप! पोट्टा नाराज झाला असंन.”

“मलेबी तेच भेव होतं. पण त्यानंच मोबाइलवर बदलून देलं. म्हणे, आत्या, तुमच्या पाचशेतून मले काही नको. रविवारी जेवायले बोलवा फक्त.”

“मंग बोलावलं?”

“हव. एकट्यानं अर्धं पातेलं मटण संपवलं. त्यापेक्षा कमिशन स्वस्त पडलं असतं!”

“आता नाही बोलवत मंग?”

“काहून नाही? मटणच घ्याले चालली मी. तूबी ये.”