लेडीज बाल्कनीतला फोटो

लोकांचं बोलणं फुकट ऐकायला मिळालं की उज्ज्वला मोबाइल पर्समध्ये ठेवायची. यवतमाळ स्टँडवर, कळंबच्या गाडीच्या रांगेत, पुढं मारोतराव आणि वच्छलाबाई हे म्हातारं जोडपं होतं. मारोतराव सांगत होते,

"जुनी टाकीज नवी केली, तिथं भिंतीवर तवाचे फोटो लावले. लेडीज बाल्कनीत माही माय बसून हाय वो!"

"मंग?"

"मंग काय? सिनेमा पाह्यला म्हून तिनं मले झोडपलं व्हतं! सोता चतुर्थीले चिंतामणीले जातो म्हने, अन्..."

"दर्शन घेऊनच येत व्हतो आमी."

"आमी?"

"सासूबाईनं शपथ घातलती. बाजूले कोन हाय, नाही पाह्यलं?"

"व्हती कोन्ती तरी पोरगी. खदखदा हासून राह्यलती. वळखू नाही आली."

"कशी येईन? तुमच्या घरात कवा हासली थे?"