पहिल्या गिऱ्हाइकाआधी उठायचं नाही

...नाही हो, मी मच्छीवाली नाही. म्हणजे बसलेय टोपलीमागे, ते दिसतंय तुम्हाला, पण ही टोपली माझी नाही, हे सुके बोंबील माझे नाहीत, आणि मॉलच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसणारी बाई मी नाही, माझं एम.कॉम. झालंय... बघा, हे असं तोंडातून जातं आणि मग माझी मलाच लाज वाटते, कारण टोपली माझ्या सासूबाईंची आहे आणि ह्याच टोपलीवर माझा नवरा इंजिनियर झाला. चूक माझीच. तुम्ही थांबलात ना? थांबा जरा. मला उठता येत नाहीये, आणि तिकडे वर, पहिल्या मजल्यावर, आइस्क्रीमवाल्याच्या बाजूला ती पिवळी पाटी दिसतेय ना, तिथे माझ्या मुलीचा इंटरव्ह्यू चाललाय. माझ्याशिवाय.

साडेतीन वर्षांच्या मुलीचा कसला इंटरव्ह्यू? मीही हेच विचारते, पण मनात. कारण तुम्हाला सांगते, अख्ख्या मीरा रोडमध्ये संध्याकाळपर्यंत मूल सांभाळणारी आणि आम्हाला झेपणारी ही एकच शाळा, तिच्यात जागा उरलीय एक, आणि सोमवारपासून मी ऑफिसला रुजू होतेय. तीन वर्षांनी. आज साडेअकराची वेळ चुकली तर जागा गेली, जागा गेली तर नोकरी गेली. महिनाभर तयारी करून घेतलीय हो. रंग, फळं, माय नेम इज भाविका. आईबापांना काय विचारतात तेही पाठ केलंय, इंग्रजीत, आरशासमोर, कारण नवऱ्याला आज सुट्टी नाही, मी एकटीच.

आणि मग ह्या मॉलवाल्यांनी छप्पर काढलं.

जुना मॉल आठवतोय ना? काचेचा डबा. एक दार, दारात पिशव्या उघडून बघणारा गार्ड, आत एसी. भाविका पहिली पावलं तिथे टाकायला शिकली, कारण आमच्या पेणकरपाड्यात मूल खाली ठेवलं की रिक्षाखालीच. मग दोन वर्षं पत्रे ठोकून बंद, आणि आता उघडलाय तर आभाळच दिसतंय. मधून रस्ता, दोन्हीकडे दुकानं, बाकडी, दिव्याचे खांब. म्हणे लोकांना रस्त्यावर फिरल्यासारखं वाटलं पाहिजे. अहो, बाहेर रस्ता होता की. फुकट होता.

तर सासूबाई, आनंदीबाई त्यांचं नाव, तारोडीहून पहिल्या बसने आल्या, नातीची परीक्षा म्हणून. त्या आल्या की टोपली येते, सुके बोंबील, थोडा जवळा, आमच्यासाठी आणि बिल्डिंगमधल्या चार घरांसाठी. त्यांना वाचता येत नाही. गेटवरची पाटी मी वाचून दाखवली, कौतुकाने. 'या, हा रस्ता तुमचाच आहे.' चूक माझीच. नुसतं 'मॉल' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

त्या आत आल्या, चार पावलं चालल्या, आणि थांबल्या. वर बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, दोन पावलं मागे सरकल्या. दर्यात जाळं कुठे टाकलंय ते कोळी लोक कसं शोधतात माहितीये? किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. ती बघा तिकडे पाण्याची टाकी, आणि तिच्या पुढे देवळाचा कळस. मॉल व्हायच्या आधी इथे मातीचा रस्ता होता, बाजार भरायचा, आणि सासूबाई इथे बसायच्या. त्यांच्या आधी त्यांची सासू. इतकी वर्षं छपरामुळे काही दिसत नव्हतं. आता दिसलं. "टाकीची शिडी नि देवलाचा कलस एका रेघेत आला. हीच माझी जागा," म्हणाल्या, आणि टोपली उघडून बसल्या. मी म्हटलं, आई, अकरा वाजलेत, हा मॉल आहे, असं बसत नाहीत. त्या म्हणाल्या, पाटी तूच वाचलीस ना?

आता ह्यात अडचण अशी की टोपली उघडली की भवानी झाल्याशिवाय, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक झाल्याशिवाय, उठायचं नसतं. आणि भाविका आजीला चिकटून बसलेली, शाळेच्या फ्रॉकमध्ये, हातात बोंबील. मी म्हटलं, आई, मी घेते सगळेच, झाली भवानी. नाही. घरच्याची भवानी चालत नाही. मग मी, तुम्हाला सांगते, ह्या रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत पळाले. एका कॉफीवाल्या मुलीला विचारलं, बोंबील घेणार का? ती म्हणाली, विथ मिल्क?

तेवढ्यात गार्ड आला, जितेंद्र. माताजी, इधर बैठना अलाउड नहीं. सासूबाई म्हणाल्या, बाबा, तू नवा हायस. तो बिचारा साहेबाला घेऊन आला. साहेब म्हणजे अल्पेश, कानात काहीतरी अडकवलेला, पंचविशीचा. मी हात जोडायच्या तयारीत, तर तो मोबाईल काढून फोटोच काढायला लागला. आंटी का लुक एकदम ऑथेंटिक है. दर शनिवार-रविवार बसा, अगदी मानाने बसा, फक्त बास्केट खाली रखना, स्मेल का इश्यू है. सासूबाईंनी मला विचारलं, हा काय बोलतो? मी सांगितलं, रिकामी टोपली घेऊन बसा म्हणतो. त्या म्हणाल्या, "रिकामी टोपली बघून बाया इचारतील, काय गो, सगला खपला? मंग मी काय खोटा बोलू?" अल्पेशला हे हिंदीत सांगता सांगता अकरा पंचवीस झाले. तो म्हणाला, बाराला बडे सर राउंडवर येतात, तोपर्यंत बघा काय ते. आणि भाविका उठेना.

तेव्हा सासूबाईंनीच तोड काढली. जागा रिकामी ठेवता येत नाही, पण घरची बाई बसली तर चालते. ह्यांच्यात बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते म्हणे. लग्नात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "तू बस. पोरीला मी नेते." आणि मी, महिनाभर आरशासमोर इंग्रजी बोललेली मी, बसले. चूक माझीच.

थांबा, एक मिनिट. त्या बघा सासूबाई, वर गॅलरीत. माझ्याकडेच बघतायत. बंद मॉल असता तर आवाज आला असता का खाली? नसता.

"रसिकाऽऽ, मॅडम इचारते, पोरगी मोबाईल किती बघते?"

देवा. सगळा रस्ता बघतोय. उत्तर पाठ आहे हो माझं, अर्धा तास, तेही शैक्षणिक. अर्धा ताऽऽस! ...आणि हा भाविकाचा आवाज. काय म्हणाली? 'न्हाय, जेवताना पन.' न्हाय म्हणाली. महिनाभराची मेहनत, आणि न्हाय.

"मॅडम इचारते, पोरीला कशी वाढवतंस?"

ह्याचंसुद्धा पाठ होतं. दोन वाक्यं होती, चांगली. आता एक शब्द आठवत नाहीये. काय सांगू? सकाळपासून रात्रीपर्यंत घाबरत वाढवते, हे सांगू? रोज झोपताना वाटतं आज काहीतरी चुकलं, हे? इथून, ओरडून? ...माहीत नाऽऽही!

ओरडले मी. तुम्ही ऐकलंत ना? गेलं. सोमवार गेला. मॅडम स्वतः कठड्याशी आल्यात, मला बघतायत. टोपली बघतायत. आत गेल्या.

...काय? काय म्हणताय आई?

"घेतली पोरीलाऽऽ! मॅडम बोलली, तिला दोन हायत, तिला पन न्हाय म्हाईत!"

घेतली. नाही, रडत नाहीये, ऊन लागतंय. छप्पर नाही ना.

आल्या बघा खाली दोघी. फॉर्म? आईची सही हवी, बाराच्या आत? आजीची सही चालत नाही, सुनेची भवानी चालत नाही, मस्त आहे. पेन आहे का हो तुमच्याकडे? द्या. टोपलीच्या कडेवर ठेवून करते. नाव, पत्ता, ही सही... आणि इथे रकाना आहे, आईचा व्यवसाय. ऑफिस तर सोमवारपासून, आज काय लिहायचं? सासूबाई म्हणतायत, आज हितं बसलीस ना, मंग तेच लिव.

लिहिलं.

हसू नका. बोंबलांचा एक वाटा घ्या ना, लहानसा घ्या... शाळेच्या फॉर्मवर पहिल्याच दिवशी खोटं नको जायला.