खारा खरवस

टाळ जरा हळू, मंडळी. हळू! आज सप्ताहाचा सातवा दिवस आहे. माझा घसा बसलाय, गुडघे कुरकुरतायत, आणि आमचा हा भिकोबा पखवाजी — याला वाटतंय आज पहिलाच दिवस आहे! अरे, थाप जपून मार बाबा. पखवाज गावाचा आहे, पण कान माझे आहेत!

बसा. पुढं सरका. वर हंडी बांधलीय, दिसतेय सगळ्यांना. सगळ्यांचे डोळे तिच्याकडं, माझ्याकडं कुणाचेच नाहीत. असू दे. काल्याच्या कीर्तनाला लोक बुवासाठी येत नाहीत, दहीपोह्यांसाठी येतात, हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. तुम्ही थकलात, मीही थकलोय. लांबण लावत नाही. एक प्रश्न विचारतो, एक गोष्ट सांगतो, आणि हंडी फोडू.

प्रश्न असा — खोटं बोलून केलेली सेवा देवाच्या दारी पोचते का?

बोला की! सरपंच मान हलवतायत — नाही म्हणे. आणि मागच्या खांबापाशी ती माउली म्हणतेय, पोचते! घरी सासू आहे वाटतं तुमच्या! हसा, हसा. पण उत्तर लक्षात ठेवा, शेवटी विचारणार आहे.

ऐका आता. एक तालुक्याचं गाव. तिथं गवळी गल्ली. त्या गल्लीत रामलिंगअप्पा म्हणून एक म्हातारा गवळी. मला ही गोष्ट खुद्द अप्पानंच सांगितली, त्याच्या ओसरीवर बसून. एके काळी गोठ्यात अकरा म्हशी, आता उरली एकच — चंद्री. मुलगा टेंपो चालवतो, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. घरात अप्पा, चंद्री आणि सून सुवर्णा. म्हणजे कामाला कोण? — सुवर्णा! पहाटे चारला उठून शेण, धार, घरोघर दूध. परत आली की स्वयंपाक, धुणं, वैरण. तुम्हाला ऐकून दमायला झालं ना? तिला रोज करून होत होतं.

त्यात अप्पाचा पाय. अप्पाला साखरेचा आजार. चप्पल चावली, फोड आला, फोडाची जखम झाली, आणि जखम भरेना. डॉक्टर म्हणाला, "अंगात ताकदच नाही, मांस भरणार कशानं? याला प्रोटीन पाहिजे. दीड महिना बघतो. नाही भरली, तर पाय घोट्यापासून काढायचा."

प्रोटीन! मंडळी, हल्ली देवाच्या नावापेक्षा हे नाव जास्त ऐकू येतं! तर दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी कागद लिहून दिला. अंडी — अप्पा माळकरी, अंड्याचं नाव नको. सोयाबीन — अप्पानं एक घास घेतला आणि म्हणाला, "हे काय टायरचं रबर शिजवलंस?" वरण दोन चमचे, की पोट भरलं. तुम्ही म्हणाल, गवळ्याच्या घरी दुधाला काय तोटा? पण आजाऱ्याला पेलाभर दूध पुढं केलं की मळमळायचं. मग बाई म्हणाल्या, "पनीर करा. लिटरभर दूध मूठभर पनीरमध्ये बसतं. त्याच्या वड्या भाजा, मऊ होतात, तोंडात विरघळतात."

झालं. सोपं आहे ना? नाही! कारण दूध नासवायचं कुणी?

अप्पाच्या घराची रीत होती, त्याच्या आजीपासून चालत आलेली. दूध आपण होऊन नासलं तर गोष्ट वेगळी, पण ज्याच्या हातून दूध नासेल, त्यानं त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आणि जाणूनबुजून नासवणं? छे! म्हैस आपल्या रेडकाच्या तोंडचं देते, आणि तू त्यात लिंबू पिळतोस? सुवर्णानं भीत भीत विचारलं, "अप्पा, पनीर करू का?" अप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "माझ्या घरात दूध नासायचं नाही. पाय गेला तर गेला!"

बघा, म्हातारपणी माणसाला पाय कसा स्वस्त होतो! उचलणार दुसरंच कुणीतरी असतं ना!

सुवर्णा गोठ्यात गेली. चंद्रीच्या पाठीवर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसले, आणि म्हणाली, "चंद्रे, माफ कर बाई." लिटरभर दूध घेतलं, उकळलं, गॅस बंद केला. लिंबाच्या रसात पाणी घालून थोडं थोडं सोडलं. दूध फाटलं, हिरवट पाणी सुटलं. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गाळलं, गार पाण्यानं धुतलं म्हणजे आंबटपणा जातो, आणि हलकं पिळलं. अगदी कोरडं करायचं नाही हं, वड्या ठिसूळ होतात! तळव्यानं मळून मळून लोण्यासारखं केलं. त्यात दोन चमचे भाजलेलं बेसन, जिरं, कोथिंबीर, मीठ.

— लिहून घेताय होय, काकू? घ्या! कीर्तनातून काहीतरी घरी न्या!

भाजायचं कशात? जाड बुडाचं पातेलं, तळाला दोन बोटं वाळू, वाळूवर एक वाटी उपडी, वाटीवर तूप लावलेली ताटली, वर जड झाकण. आपल्या आया यात नानकटाई भाजायच्या, विसरलात? मंद आचेवर अर्धा तास. वरून बदामी झाल्या की उतरवायच्या. आठ वड्या झाल्या. ताटली घेऊन ती ओसरीवर आली. अप्पानं वास घेतला. "काय आहे गं?"

आणि सुवर्णा बोलून गेली, "खरवस आहे, अप्पा."

मंडळी! खोटं बोलायचं, आणि तेही गवळ्यापुढं, आणि तेही खरवसाबद्दल! अप्पा म्हणाला, "खरवस खारा?" ती म्हणाली, "डॉक्टरांनी साखर नको सांगितलीय ना." वा! "कुणाची म्हैस व्याली?" "वरच्या आळीतल्या तुळसाबाईची." अप्पानं हूं केलं आणि खाल्लं. चार तेव्हा, चार संध्याकाळी.

आता खरी पंचाईत. म्हैस व्याली की खरवसाचा चीक किती दिवस येतो? बोला, गवळ्याघरचं कुणी आहे का? — तीन! फार तर चार दिवस. पाचव्या दिवशी काय सांगायचं? मग सुवर्णानं दुसरी म्हैस व्यायला लावली. मग तिसरी. पंधरा दिवसांत त्या गावातल्या सगळ्या म्हशी बाळंत झाल्या! एक तर दोनदा व्याली! नवव्या दिवशी म्हणाली, "आज रकमाबाईच्या काळीचा चीक आहे." आता ती काळी म्हैस अप्पानंच रकमाबाईला दिलेली — भाकड झाली म्हणून! पण अप्पा हूं म्हणाला. वडी तोंडात घातली.

रोज एवढंच बोलणं. कुणाची व्याली, हूं. आणि मग अप्पा विचारायचा, "तू खाल्लंस का?" ती म्हणायची, "हो अप्पा, मघाशीच." आणि पदरानं कपाळ पुसत आत जायची. पट्टी बदलायची, जखम धुवायची, वैरण टाकायची. जखम कधी बरी दिसायची, कधी परत ओली. सुवर्णाचा जीव त्या जखमेत अडकलेला. 

एकतिसावा दिवस उजाडला. पहाटे चंद्रीनं लाथ मारून बादली सांडली होती. दूध कमी पडलं, चार दारी बोलणी बसली. परत येऊन सुवर्णा पातेल्यापुढं उभी राहिली, ती उभ्या उभ्या डुलायला लागली. त्या गुंगीत मीठ घातलं. परत घातलं. बहुतेक तिसऱ्यांदाही घातलं. वड्या भाजल्या, आणल्या.

अप्पानं घास घेतला. तोंड असं झालं! जीभ पोळली म्हणा ना! पण घास गिळला. तिच्याकडं बघितलं. डोळे आत गेलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या.

"सुवर्णा, तू खाल्लंस?"

"हो अप्पा, मघाशीच. दोन वड्या खाल्ल्या."

"कशा झाल्यात?"

"छान झाल्यात की!"

"मीठ?"

"बेताचं आहे."

अप्पानं वडी ताटलीत ठेवली. म्हणाला, "बस इथं."

ती बसली. तिला वाटलं, झालं, पकडले गेले! हात जोडून रडायलाच लागली. "अप्पा, खरवस नाही हो! मी रोज दूध नासवलं. तुमची रीत मोडली. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण एवढे चौदा दिवस खा!"

अप्पा म्हणाला, "अगं येडे, साठ वर्षं दुधात गेली माझी. पहिल्या घासाला कळलं मला! तू ओसरीवर आलीस तेव्हा हाताला लिंबाचा वास होता."

"मग... खाल्लंत का?"

"काय करू? पाय गेला तर गेला म्हणालो, ते तोंडानं म्हणालो. रात्र झाली की भ्यायचो. आणि तू एवढ्या म्हशी बाळंत करत होतीस, त्या बिचाऱ्यांचं मन कसं मोडू?"

ती रडता रडता हसली. पण अप्पा हसला नाही. म्हणाला, "ते खोटं मला एका घासात कळलं. दुसरं एकतीस दिवस कळलं नाही. तू वडी खाल्ली असतीस, तर मीठ कळलं असतं. काय खातेस तू दिवसभर?"

  सुवर्णा खाली बघत म्हणाली, "रीत आहे ना आपल्या घरची. ज्याच्या हातून दूध नासेल, त्यानं दिवेलागणीपर्यंत... मोडली ती तुमच्यासाठी मोडली, अप्पा. माझ्यापुरती तरी पाळायला नको?"

...

थांबतो जरा. पाणी द्या.

एकतीस दिवस, मंडळी! पहाटे चारपासून दिवेलागणीपर्यंत रिकाम्या पोटी! आणि भाजत काय होती? — प्रोटीन! दुसऱ्याच्या अंगात मांस भरायला!

अप्पानं वडी उचलली आणि तिच्यापुढं धरली. "खा." ती मागं सरली. "अजून दिवेलागण नाही झाली, अप्पा." सकाळचे दहा वाजलेले, अंगणात लख्ख ऊन! अप्पा म्हणाला, "बरं." आणि पलंगावरून खाली उतरला. पायावर भार द्यायचा नाही, डॉक्टरचा हुकूम. तर बसून, हातांवर जोर देत, दुखरा पाय पुढं धरून सरकत सरकत निघाला म्हातारा! ती ओरडली, "अप्पा, पट्टी सुटेल!" ऐकतो कुठला! देवघरापर्यंत गेला. वात ओढली, काडी ओढली, दिवा लावला. आणि दम खात म्हणाला, "लागला दिवा. माझ्या घरात दिवा कधी लागायचा ते मी सांगणार. आता खा."

सुवर्णानं वडी तोंडात घातली. आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "अप्पा! ही काय खारट! तुम्ही खाल्लीत कशी?"

"तू केलेली होती म्हणून," अप्पा म्हणाला. आणि मग म्हातारा रडला. मुलगा गेला परगावी तेव्हा नाही रडला, म्हशी गेल्या तेव्हा नाही रडला, त्या दिवशी रडला.

पायाचं काय झालं? दोन बोटं गेली, पाय राहिला. वड्यांनी वाचला असं मी म्हणणार नाही, औषध होतं, पट्टी होती, नशीब होतं. पण त्या घरात तेव्हापासून वड्या सोळा होतात. आठ अप्पाच्या, आठ सुवर्णाच्या. आणि दिवा सकाळीच लागतो.

तर सरपंच, आता उत्तर! खोटं बोलून केलेली सेवा पोचते का? अहो, म्हशींचं खोटं कुणालाच फसवू शकलं नाही, ते कधीच माफ झालं. पण "माझं झालंय, तुम्ही घ्या" — हे खोटं? हे तुमच्या घरात रोज बोललं जातं. आणि आपण रोज खरं मानतो. का? सोयीचं आहे म्हणून!

दुसऱ्याला कशाला सांगू? माझी ही दोन वर्षांपूर्वी गेली. तीस वर्षं मी गावोगाव कीर्तनं केली, घरी गेलो की गरम ताट पुढं. "तू जेवलीस का?" "झालंय माझं." आणि मी जेवायला बसायचो. आज कुणी मला विचारलं, तिला काय आवडायचं? — मला सांगता येत नाही, मंडळी. मला ठाऊकच नाही. आणि मी तुम्हाला शहाणपण सांगतोय!

असो. थकलो. हंडी फोडायची वेळ झाली.

पण थांबा, कुणी उठू नका! त्या पडद्यामागं मथुराकाकू आहेत. सात दिवस या मंडपाचं जेवण त्यांनी रांधलं, आजचा काला पहाटेपासून त्याच कालवतायत. आणि नैवेद्याचं म्हणून त्यातलं चाखायचंसुद्धा नाही! सकाळी मी विचारलं, काकू, काही पोटात गेलं का? काय म्हणाल्या असतील? — "झालंय माझं, बुवा."

मी मान डोलावली आणि पुढं निघून आलो! शिकलो नाही अजून!

भिकोबा, पखवाज खाली ठेव. जा, काकूंना हाताला धरून बाहेर आण. नाही म्हणतील, ऐकू नको. नैवेद्य झालाय, पहिला द्रोण त्यांच्या हातात द्या. त्यांनी इथं, सगळ्यांसमोर, एक घास खाऊन मीठ कसं पडलंय ते सांगायचं. तोवर मी हंडीला काठी लावणार नाही. माझे गुडघे दुखतायत, पण उभा राहतो.

या काकू. सावकाश या.