सोळा टाळकरी, सहा आवाज

(चाकणजवळचं गाव. सप्ताहाचा सहावा दिवस, दुपार. मंडपामागची साउंडची खोली. प्रितम मशीनपाशी, उद्धवराव खुर्चीत.)

ज्योतीराम : काल कीर्तनात मला ठसका लागला, प्रितम. मी गप उभा होतो. अन् स्पीकरमधून माझाच आवाज यायला होता. वरच्या पट्टीत!

प्रितम : काका, आधी बसा ना.

ज्योतीराम : बसायला नाही आलो. कोण गात होतं?

प्रितम : एआय. बघा, टाळकरी सोळा, वायरलेस माइक सोळा. आजूबाजूच्या कंपन्यांच्या सिग्नलनी हवा भरलेली, आपल्याला जागा सहा आवाजांची. मग ज्याचा आवाज मॉडेलला पाठ, त्याचा थोडाच पाठवायचा, बाकीचा ते इथं तयार करतं. तुमची तर वीस वर्षांची रेकॉर्डिंग होती.

ज्योतीराम : माझा किती पाठवलास?

प्रितम : म्हणजे... तसं...

उद्धवराव : सांग की, लाजतो कशाला? कायबी न्हाई, ज्योतीराम. पयल्या दिसापास्नं. तुमची जागा नव्या पोरांना दिली.

ज्योतीराम : तुम्ही कमिटीचे अध्यक्ष, उद्धवराव. मला एका शब्दानं बोलला नाहीत? पाच दिवस लोक पाया पडायलेत माझ्या. घरी माझी सावित्री अंथरुणातून ऐकते. रडली. म्हणली, तुमचा ऑपरेशनच्या आधीचा गळा पांडुरंगानं परत दिला.

उद्धवराव : मग? रडली तर रडली, सुखानंच ना?

ज्योतीराम : उद्या काल्याचं कीर्तन. एक चाल माझी स्पीकरवर सोडा. खरी. हात जोडतो.

उद्धवराव : प्रितम, यांच्या माइकात साठलेलं ऐकव यांना. कालचं.

प्रितम : नको, तात्या.

उद्धवराव : लाव म्हनतो ना!

(प्रितम कळ दाबतो. ज्योतीरामचा कालचा खरा आवाज लागतो.)

उद्धवराव : पत्र्यावर खिळा वढल्यावानी. ह्ये ऐकवायचं व्हय बायकोला?

ज्योतीराम : बंद कर, बाबा.

उद्धवराव : आन् उद्या घरी नका बसू रुसून. रांगेत फट दिसंल. धुतलेलं धोतर नेसून या.

प्रितम : काका, सॉरी. खरंच.

ज्योतीराम : असू दे, लेकरा. उद्या मी कुठं कुठं वरच्या पट्टीत जाणार हाय, तेवढं आज सांगून ठेव. तोंड तेवढं उघडायला पाहिजे.